‘वांझ’ला पुल्लिंग का नाही?

कुंपणावरचा | शुक्रवार, रात्री ११:४२

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत एका कागदावर मधोमध रेघ मारून तपासण्या लिहून दिल्या होत्या. डावीकडे बायकोच्या, उजवीकडे माझ्या. डावीकडे नऊ ओळी होत्या, उजवीकडे एक. त्या नऊ तपासण्या चार महिन्यांत उरकल्या. माझ्या एकीला चौदा महिने लागले.

मी नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हणणारा निदान भांडतो तरी. मी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत राहिलो. कागदाची घडी पाकिटात इतकी राहिली की घडीवरची अक्षरं झिजून गेली. दरम्यान तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफ्या झाल्या, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे बघायला औषध सोडून एक्स-रे काढतात तोही झाला. त्या दिवशी ती टेबलावरून उतरली तेव्हा घामाने भिजली होती. मी बाहेर बसून मोबाइलवर मॅच बघत होतो. तरी माझा कागद पाकिटातच.

कारण? लाज थोडी होती. पण खरं कारण लाज नव्हे, खात्री. माझ्यात काही दोष असणं शक्यच नाही असं मला मनापासून वाटत होतं, कारण ‘सगळं व्यवस्थित चालू आहे’. इच्छा होते, ताठरता येते, वीर्य बाहेर पडतं. मग अजून काय पाहिजे?

शेवटी तपासणी केली. मिलिलिटरमागे ६० लाख शुक्राणू, त्यांतले हलणारे २२ टक्के. मी डॉक्टरांना पहिलं वाक्य काय बोललो असेन? “पण डॉक्टर, मला तशी काहीच अडचण नाही.” ते म्हणाले, “त्याबद्दल मी विचारलंच नव्हतं.”

मग त्यांनी उभं करून तपासलं, श्वास रोखून पोटावर जोर द्यायला सांगितला. दोन मिनिटं लागली. डाव्या वृषणाच्या वरच्या शिरा फुगलेल्या निघाल्या. त्याला व्हेरिकोसील म्हणतात, हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पुरुषांमध्ये साधारण १५ टक्के जणांना असतं आणि मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्यांत ३५ ते ४० टक्क्यांना सापडतं, म्हणाले. इतकी सर्रास गोष्ट, आणि मी छत्तीस वर्षं त्या अवयवाचा मालक असून मला नाव ठाऊक नाही!

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात भुणभुणतोय, म्हणून हा धागा. बाईला मूल होत नसेल तर आपल्याकडे शब्द तयार आहे: वांझ. कानात शिसं ओतल्यासारखा शब्द, पण आहे. पुरुषाला कुठला? ‘नपुंसक’ म्हणतात. पण नपुंसक म्हणजे ज्याला संबंध ठेवता येत नाही तो. मी तर नपुंसक नाही. शब्द मला लागू होत नाही, म्हणून दोषही लागू होत नाही, असा हिशेब माझ्या मनाने परस्पर करून टाकला असावा.

चार मित्रांना सहज विचारून पाहिलं की महिन्यातून गर्भ राहू शकतो ते दिवस किती. एक म्हणाला रोज. दुसरा म्हणाला पाळी संपली की लगेच. तिसऱ्याने विषय बदलला. चौथा दोन मुलांचा बाप, तो म्हणाला, “माहीत नाही रे, आमचं असंच झालं.” उत्तर साधारण सहा दिवस आहे. बीजांड बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात, म्हणून बीजांड सुटण्याचा दिवस आणि आधीचे पाच. हे मलाही चौदा महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं, तेव्हा हसण्याचा हक्क नाही.

कॅनडातल्या ७०१ पुरुषांवर झालेली एक पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळपास ६० टक्के म्हणाले की आपल्याला या विषयातलं बऱ्यापैकी कळतं. प्रत्यक्षात शुक्राणूंना बाधक गोष्टींपैकी निम्म्याच त्यांना ओळखता आल्या. म्हणजे अज्ञानापेक्षा अज्ञानाची खबर नसणं जास्त. माझी केस बरोबर तीच.

तुमचे अनुभव लिहा. नाव न घेता लिहिलंत तरी चालेल.

अबोली | शनिवार, सकाळी ७:०५

वाचतेय. पाकिटातल्या कागदाबद्दल राग आला आणि तो कबूल केलात म्हणून थोडा कमीही झाला.

शब्दखोर | शनिवार, सकाळी ८:३१

भाषेपुरतं बोलतो, वैद्यक मला कळत नाही.

‘वांझोटा’ हे पुल्लिंगी रूप आहे, पण ते माणसाला लागलेलं मी ऐकलेलं नाही. चर्चा वांझोटी असते, वाद वांझोटा असतो, फळ न धरणारं झाड वांझ असतं. बाप्या मात्र सुटला. संस्कृतात ‘वंध्य’ पुल्लिंगी चालतं, तरी तत्त्वज्ञानात अशक्य गोष्टीचा दाखला द्यायचा झाला की ‘वंध्यापुत्र’च येतो, वांझेचा मुलगा. वंध्य पित्याचा मुलगा हाही तितकाच अशक्य, पण तो दाखला कुणाला सुचला नाही. आणि ‘षंढ’, ‘नपुंसक’, ‘नामर्द’ हे तिन्ही शब्द शिव्या म्हणूनच वापरात आहेत. जो शब्द शिवी आहे तो घेऊन कोण डॉक्टरकडे जाईल?

तिरपागडा | शनिवार, सकाळी ९:१५

हे सगळं असं चव्हाट्यावर मांडायची काय गरज? नवरा-बायकोचा खाजगी मामला आहे. डॉक्टर आहेत, औषधं आहेत. उगाच पुरुषांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची फॅशन झाली आहे.

अबोली | शनिवार, सकाळी ९:२२

@तिरपागडा, बाईचा ‘खाजगी मामला’ ओळखीपाळखीचे सगळे मिळून चघळतात तेव्हा कुठे असता?

सूक्ष्मदर्शी | शनिवार, दुपारी १:४८

प्रयोगशाळेत १९ वर्षं काढली, त्यातली बरीच वीर्यतपासणीच्या टेबलावर. धागा वाचून राहवलं नाही.

आधी गंमत. शुक्राणू पहिल्यांदा दिसले १६७७ साली, हॉलंडमधल्या लेवेनहूकला, त्याच्या घरगुती भिंगातून. लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवताना त्याने आवर्जून लिहिलं की हा नमुना काही पाप करून मिळवलेला नाही, पत्नीशी संबंधानंतर उरलेला आहे! म्हणजे सॅम्पल देताना ओशाळणं तेव्हापासूनचं आहे. सस्तन प्राण्याचं बीजांड दिसायला मात्र १८२७ उजाडलं, कार्ल अर्न्स्ट फॉन बेअरने ते शोधलं. पुरुषाचा वाटा दीडशे वर्षं आधी दिसला, आणि आजही तपासणीची रांग बाईपासून सुरू होते.

आमच्या काउंटरवर येणारे पुरुष तीन तऱ्हेचे. कुजबुजणारे. ‘मित्रासाठी चौकशी करतोय’वाले. आणि तिसरे, ज्यांचं मला अजून नवल वाटतं, ते फॉर्मवर नावाच्या रकान्यात बायकोचं नाव लिहितात. मुद्दाम नाही. सवयीने. आजवरचे सगळे फॉर्म तिच्या नावाने भरलेले असतात ना!

आता मुद्दा. बाहेरून काहीच कळत नाही. वीर्य घट्ट की पातळ, किती पांढरं, यावरून लोक अंदाज बांधतात. अहो, वीर्यात शुक्राणूंचा वाटा आकारमानाने फार तर पाच टक्के. बाकी सगळा द्रव सेमिनल व्हेसिकल आणि प्रोस्टेट या ग्रंथींमधून येतो. नसबंदी झालेल्या माणसाचं वीर्य शेजारी ठेवलं तर डोळ्यांना फरक कळायचा नाही, आणि त्यात शुक्राणू एकही नसतो. ‘सगळं व्यवस्थित चालू आहे’ याची किंमत एवढीच.

रिपोर्ट कसा वाचायचा यावर थोडं लिहितो, कारण अर्धी घबराट तिथे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेची सहावी आवृत्ती २०२१ ची. तिच्यात खालच्या मर्यादा अशा: एकूण द्रव १.४ मिलिलिटर, मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू, एका वेळच्या नमुन्यात एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल ४२ टक्के, त्यातली पुढे सरकणारी ३० टक्के, आणि योग्य आकाराचे ४ टक्के. शेवटचा आकडा बघून लोकांचा चेहरा उतरतो. ‘९६ टक्के बिघडलेले?’ हो, आणि ते सर्वसाधारण आहे. निसर्ग इथे भरमसाट माल काढतो आणि दर्जाकडे फारसं बघत नाही.

हे आकडे आले कुठून? ज्यांच्या जोडीदारणीला वर्षाच्या आत दिवस राहिले अशा साडेतीन हजारांवर पुरुषांचे नमुने घेतले आणि त्यांतले सगळ्यात खालचे पाच टक्के जिथे संपतात तिथे रेघ मारली. म्हणजे रेघेच्या खाली असलेलेही बाप झालेच होते, म्हणून तर यादीत आले. आणि रेघेच्या वर असलेल्या प्रत्येकाला मूल होईलच असंही नाही. पास-नापासाचा निकाल म्हणून रिपोर्ट वाचू नका.

एका रिपोर्टवर तर काहीच ठरवू नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, पुढे नळ्यांमधून पक्व होत येईपर्यंत आणखी दीड-दोन आठवडे. आज दिलेला नमुना अडीच-तीन महिन्यांपूर्वीची बातमी सांगतो. मध्यंतरी सडकून ताप येऊन गेला असेल तर आकडा धाडकन पडलेला दिसतो आणि पुढे आपसूक चढतो. म्हणून दुसरा नमुना, मध्ये पुरेसं अंतर ठेवून.

(धागाकर्त्यांना: डाव्या बाजूलाच का, असा प्रश्न पडला असेल तर, डावीकडची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते, तिथे रक्त तुंबतं. वृषणं शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड राहायला हवीत, म्हणून तर ती बाहेर लोंबतात. तुंबलेलं रक्त तो गारवा घालवतं.)

कुंपणावरचा | शनिवार, दुपारी २:३०

@सूक्ष्मदर्शी, काटकोनाचं पहिल्यांदाच समजलं. आणि फॉर्मवर बायकोचं नाव... मी केलं होतं हे. ‘रुग्णाचे नाव’ या रकान्यात. खोडून परत लिहिलं.

दुसरी_बाजू | शनिवार, रात्री १०:१९

मी पाकिटाच्या दुसऱ्या बाजूची.

आमच्या घरी कागद पाकिटात नव्हता, फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता. रोज समोर. सहा महिने. मी एकदाही ‘जा’ म्हटलं नाही, कारण म्हटलं की त्याचा चेहरा असा व्हायचा की मीच त्याला समजवायला लागायचे. ‘तुझ्यात काही नसणारच, फक्त एकदा करून टाक.’ हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन! म्हणजे ज्याची तपासणी व्हायची त्याचा निकाल मीच आधी लावून द्यायचा, तेव्हा कुठे तो तपासायला तयार होणार.

रिपोर्ट खराब आला. त्या रात्री तो रडला आणि म्हणाला, घरी सांगू नकोस. मी सांगितलं नाही. उलट सासूबाईंनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “माझ्यात थोडा प्रॉब्लेम आहे, औषध चालू आहे.” त्याने ऐकलं. काही बोलला नाही. आमच्या लग्नात मी काही विसरणार नसेन तर ती शांतता.

आणखी एक, जे बहुतेक पुरुषांच्या लक्षात येत नाही. काउंट फार कमी असेल तर इक्सी करतात, एक शुक्राणू घेऊन सुईने थेट बीजांडात सोडतात. १९९२ मध्ये ब्रुसेल्समधल्या डॉक्टरांनी त्यातून पहिले गर्भ राहिल्याचं जाहीर केलं. त्याआधी अशा जोडप्यांना दात्याचं वीर्य हाच काय तो मार्ग असायचा, तेव्हा शोध मोठाच. पण तो एक शुक्राणू द्यायला नवऱ्याला लागतात दहा मिनिटं. ते बीजांड मिळवायला बायकोला रोज इंजेक्शनं, फुगलेलं पोट, भूल आणि सुई. दोष त्याचा, उपचार तिच्यावर. याला पर्याय नाही हे मला कळतं. निदान कुणी ते मोठ्याने म्हणावं एवढीच इच्छा होती.

तिशीच्या शेवटी चौदा महिने म्हणजे किती, हेही पुरुषांना उमगत नाही. डॉक्टर एरवी वर्षभर प्रयत्न करून बघा म्हणतात, पस्तिशी उलटली की सहा महिन्यांत या म्हणतात. ते काही उगाच नव्हे.

कुंपणावरचा | शनिवार, रात्री १०:५८

@दुसरी_बाजू, बायकोला वाचायला दिलं. तिने वाचून फोन परत दिला आणि म्हणाली, ‘फ्रिजवर लावायला हवा होता.’

व्यायामवेडा | रविवार, सकाळी ६:४०

माझी गोष्ट मूर्खपणाची आहे, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

जिममध्ये ओळखीच्या एकाने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुचवली. दीड वर्ष घेतली. दंड भरले, आवाज भरला, आरशासमोरून हलवत नसे. मूल हवं म्हणून तपासणी केली तर काउंट शून्य. शून्य म्हणजे शून्य. मी लॅबशी वाद घातला, “इतका फिट माणूस आणि शून्य?” डॉक्टरांनी समजावलं: बाहेरून हार्मोन मिळायला लागला की मेंदूला वाटतं कोठार भरलेलं आहे, मग तो वृषणांना हुकूम पाठवायचं बंद करतो. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर, पण वृषणाच्या आत दुष्काळ, आणि शुक्राणूंना आतलंच लागतं. वृषणं चक्क आक्रसली होती.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या सुमारास हीच इंजेक्शनं दर आठवड्याला देऊन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चालतात का ते तपासलं होतं. बऱ्यापैकी चाललीही. अधिक मर्द व्हायला म्हणून मी जे टोचून घेत होतो ते गर्भनिरोधक होतं. यावर हसायला मला वर्ष लागलं.

बंद केली. सात महिन्यांनी शुक्राणू दिसायला लागले, अजून चढताहेत. सगळ्यांचे परत येतातच असं नाही आणि काहींना दोन वर्षंही लागतात, असं सांगून ठेवलंय. हो, बंद केल्यावर थकवा आणि उदासी वाईट असते. डॉक्टरांना विचारून बंद करा, माझ्यासारखं एका रात्रीत नको.

आकडेमोड | रविवार, सकाळी १०:०३

इथे एक मोठा मुद्दा राहतोय. जगभर शुक्राणूंची संख्याच घटते आहे. २०२२ मध्ये आलेल्या लेव्हाइन आणि सहकाऱ्यांच्या एकत्रित विश्लेषणात १९७३ ते २०१८ या काळात सरासरी मिलिलिटरमागे १० कोटी १२ लाखांवरून ४ कोटी ९० लाखांवर आली आहे. अर्ध्याहून खाली! प्लास्टिक, प्रदूषण, बैठी कामं. व्यक्तीला दोष देण्यात काय अर्थ?

सूक्ष्मदर्शी | रविवार, सकाळी ११:२०

@आकडेमोड, आकडे बरोबर दिलेत. पण त्यावर वाद आहे आणि तोही सांगायला हवा. मोजायच्या पद्धती जगभर एकसारख्या करायचा प्रयत्न १९८० च्या पहिल्या पुस्तिकेपासूनचा. त्याआधी कोण कशात मोजत होतं, देवाला ठाऊक. शिवाय नमुना द्यायला राजी होणारे पुरुष हे काही सगळ्या पुरुषांचे प्रतिनिधी नव्हेत. मला स्वतःला घट खरी वाटते, कारणांबद्दल मात्र छातीठोक बोलणार नाही.

तरी एक पाहा. ४ कोटी ९० लाख ही सरासरीसुद्धा १ कोटी ६० लाखांच्या रेघेच्या बरीच वर आहे. पाकिटात कागद ठेवणाऱ्याला हवामान बदलासारखी सबब पुरवू नका. :) (ह. घ्या.)

आकडेमोड | रविवार, सकाळी ११:२६

घेतलं हलकं. लॅपटॉप मात्र मांडीवरून टेबलावर ठेवला.

नदीकाठ | रविवार, दुपारी ४:१२

शक्तिवर्धक पावडरी आणि गोळ्यांबद्दल कुणी बोलेल का? माझ्या धाकट्या भावाने ढीग आणून ठेवलाय. झिंक, फॉलिक अ‍ॅसिड आणि ज्यांची नावं वाचता येत नाहीत असं बरंच काही. तपासणीला मात्र तयार नाही.

सूक्ष्मदर्शी | रविवार, संध्याकाळी ६:०१

@नदीकाठ, झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिडवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, २,३७० जोडप्यांवर, निकाल २०२० मध्ये आला. गोळ्या घेणारे आणि नुसती नकली गोळी घेणारे यांच्यात ना वीर्याच्या मुख्य मोजमापांत फरक, ना जिवंत जन्मलेल्या मुलांत. गोळी घेणाऱ्यांना पोटाच्या तक्रारी मात्र जास्त. खरोखर कमतरता असेल तर गोष्ट वेगळी, पण ती रक्त तपासून कळते.

भावाला माझ्याकडून सांगा: सिगारेट सोडणं, वजन उतरवणं, गरम पाण्याच्या टबात आणि सॉनात न बसणं, दारू आवरणं, यांना डबा लागत नाही. सैल अंतर्वस्त्रांचाही थोडा फायदा दिसतो, ६५६ पुरुषांच्या एका अभ्यासात सैल घालणाऱ्यांची संख्या २५ टक्के जास्त भरली होती. फुकटात एवढं मिळत असेल तर घ्यावं. पण ज्याची वाहिनीच बंद आहे किंवा गुणसूत्रात गडबड आहे त्याने ही पथ्यं कितीही पाळली तरी उपयोग नाही, म्हणून आधी तपासणी.

निनावी_७ | रविवार, रात्री ११:५५

बराच वेळ लिहू की नको करत होतो.

माझा रिपोर्ट एका शब्दाचा होता. अझूस्पर्मिया. म्हणजे एकही नाही. साधारण शंभरात एका पुरुषाला असतो, त्या शंभरातला मी.

पुढे कळलं की शून्याचेही दोन प्रकार. एकात कारखाना चालू असतो आणि रस्ता बंद असतो. कधी जन्मतःच वीर्यवाहिनी नसते, कधी जुन्या संसर्गाने चिकटलेली असते. दुसऱ्यात कारखानाच बंद. रक्तातला एफएसएच (मेंदूकडून वृषणांना हुकूम नेणारा हार्मोन), वृषणांचा आकार, गुणसूत्रं यावरून ओळखतात. पहिला निघावा म्हणून कधी नव्हे तो देवाला हात जोडले. निघाला दुसरा. क्लाइनफेल्टर. एक्स-एक्स-वाय. एक एक्स गुणसूत्र जन्मापासून जास्तीचं. पाचशे ते हजार मुलग्यांमागे एकाला असतं आणि बहुतेकांना आयुष्यभर कळत नाही. मला एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं. शाळेत उंच म्हणून मागच्या बाकावर बसायचो, मिसरूड उशिरा फुटली, एवढीच काय ती लक्षणं.

सूक्ष्मदर्शकाखाली वृषण उघडून शुक्राणू शोधायची शस्त्रक्रिया असते, मायक्रो-टेसे. माझ्यासारख्यांत साधारण निम्म्यांना काही ना काही सापडतं, असं सांगितलं होतं. मी उरलेल्या निम्म्यांत.

शस्त्रक्रिया करणारे सर्जन फार चांगले होते. पण बाहेर आल्यावर सगळे बायकोशी बोलले. समुपदेशक तिच्याशी बोलली. माझ्या आईने तिला जवळ घेतलं. मला मित्राने खांद्यावर थाप मारून विचारलं, “टाके दुखतात का?” दुखत होते. मी म्हटलं हो. त्यापुढे काय बोलायचं हे त्यालाही माहीत नव्हतं, मलाही.

वर शब्दखोर म्हणाले की शब्द नाही. मला शिवी चालली असती असं नाही, पण शब्द नसला की दुःखही धड करता येत नाही. जे कधी नव्हतंच त्याचं सुतक कोण पाळतं?

आता आम्ही दात्याच्या वीर्याचा विचार करतोय. बायको तयार आहे, मी नव्वद टक्के. उरलेले दहा टक्के कशाचे आहेत ते शोधतोय.

तिरपागडा | सोमवार, सकाळी ७:३०

निनावी भाऊ, मी वर जे लिहिलं ते मागे घेतो असं नाही, पण तुमच्याबद्दल ते नव्हतं.

माझी नऊ वर्षांपूर्वी वीर्यतपासणी झाली होती. कुणाला सांगितलेलं नाही. रिपोर्ट चांगला आला होता तरी सांगितलेलं नाही. यावरून काय ते समजा.

दुसरी_बाजू | सोमवार, सकाळी ८:४४

@निनावी_७, तुमचं वाचून मी नवऱ्याला पहिल्यांदा विचारलं की त्या रात्रीनंतर तुला कुणाशी बोलावंसं वाटलं का. तो म्हणाला, “तुझ्याशी. पण तू माझ्यासाठी खोटं बोलली होतीस, मग मी कुठल्या तोंडाने बोलणार.” तीन वर्षं झाली त्या गोष्टीला.

अबोली | सोमवार, सकाळी ९:१०

एक अवांतर, पण महत्त्वाचं. माझ्या चुलतभावाला सत्ताविसाव्या वर्षी वृषणाचा कॅन्सर निघाला, केमो सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात एका नर्सने विचारलं म्हणून वीर्य गोठवून ठेवलं. तिने विचारलं नसतं तर घरात कुणाला सुचलं नसतं. केमो आणि रेडिएशनने शुक्राणू कायमचे जाऊ शकतात. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतात. घरात कुणावर ही वेळ आली तर उपचार सुरू व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही.

शब्दखोर | सोमवार, सकाळी ११:०२

निनावी_७, ‘सुतक’ शब्दाने थबकलो. माझ्याकडे नवा शब्द नाही. खूप शोधला.

कुंपणावरचा | सोमवार, रात्री ९:३५

निनावी_७, तुम्ही लिहिलंत म्हणून धागा काढल्याचं सार्थक झालं. व्यनि (खाजगी निरोप) केला आहे, वाटलं तरच उत्तर द्या.

माझ्याकडची खबर: दुसरा नमुना दिला, ७० लाख, म्हणजे पहिला काही अपघात नव्हता. शिरा हाताला लागतात आणि रिपोर्टही खराब आहे, म्हणून शस्त्रक्रियेचा विचार करता येईल, म्हणाले. नुसत्या सोनोग्राफीत दिसणाऱ्या, हाताला न लागणाऱ्या शिरांना मात्र हात लावत नाहीत. फरक कळायला तीन ते सहा महिने. बायकोचं वय बघता तेवढं थांबायचं की सरळ इक्सीकडे वळायचं, हे ठरवायचंय. डॉक्टरांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि या वेळी माझ्याकडे बघून मांडल्या. निर्णय अजून झालेला नाही. चौदा महिने हातात असते तर हा प्रश्नच पडला नसता, हे आम्ही दोघंही बोलत नाही.

नवखा_१२ | सोमवार, रात्री ११:१८

नमस्कार, आजच सदस्य झालो. तीन दिवस नुसता वाचत होतो. उद्या सकाळी सॅम्पल द्यायचं आहे. लॅबच्या खोलीत मला जमेल असं वाटत नाही. घरून नेलं तर चालतं का? फ्रिजमध्ये ठेवायचं का?

सूक्ष्मदर्शी | सोमवार, रात्री ११:२६

@नवखा_१२, चालतं, फक्त लॅबला आधी विचारून घ्या. फ्रिजमध्ये अजिबात नको. डबी लॅबकडूनच घ्या. शर्टाच्या आत, अंगाला लागून ठेवा आणि अर्ध्या तासात पोचवा, फार तर तासाभरात. आधी किमान दोन दिवस आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. तेल, जेल, थुंकी काही लावू नका, साधा कंडोमही वापरू नका, त्याने शुक्राणू मरतात. थोडं सांडलं तर लपवू नका, तसं सांगा. पहिल्या भागातच सगळ्यात जास्त शुक्राणू असतात, तो गेला तर आकडा खोटाच येणार.

नवखा_१२ | सोमवार, रात्री ११:३१

चार दिवस झालेत, म्हणजे ठीक. डबी आणलेली आहे. फॉर्मवर पूर्ण नाव लिहावंच लागतं का?

सूक्ष्मदर्शी | सोमवार, रात्री ११:३३

पूर्ण. तुमचं. आणि खाली नमुना किती वाजता घेतला तेही.